हाताळणीकाकांची करडी गाडी

१

गाडी गेली होती, आणि तिचं पांघरूण घडी घालून ठेवलेलं होतं.

गाड्यांच्या त्या शोरूममध्ये दर्शनी काचेपाशी एक गोल चौथरा होता. विकली गेलेली गाडी धुऊनपुसून त्याच्यावर उभी करायची, वरून लाल साटिनचं पांघरूण घालायचं आणि घेणाऱ्यानं ते आपल्या हातानं ओढायचं, अशी तिथली रीत. गेले कित्येक दिवस त्या पांघरुणाखाली एक करडी गाडी मुकाट उभी होती. आज सकाळी चौथरा उघडा पडला होता. लाल कापड काठाला काठ जुळवून कडेला ठेवलेलं, घरातल्या शहाण्या माणसानं उठल्यावर आपली चादर ठेवावी तसं.

मालक त्या रिकाम्या गोलाभोवती फेऱ्या मारत होते. ते कालपर्यंत परगावी होते आणि पहाटेच्या गाडीनं परतले होते. त्यांनी पोलिसांच्या आधी विमा कंपनीला फोन केला होता, आणि कंपनीची पाहणी करणारी बाई योगायोगानं त्याच गावात मुक्कामाला होती. धंद्यातले लोक तिला भिंगबाई म्हणत. जाड काचांचा चष्मा तिच्या गळ्यात दोरीनं लोंबे आणि तो डोळ्यांवर चढला की समोरचा माणूस उगाच आपली बटणं तपासू लागे. जन्मभर तिनं लोकांना प्रश्न विचारले होते. तिला मात्र ‘जेवलात का’ एवढंही बऱ्याच दिवसांत कुणी विचारलं नव्हतं.

मालकांनी भराभर सांगितलं. किल्ली रोखपालबाईंच्या मागच्या खुंटीवर होती, अजूनही तिथेच आहे. आवाराला फाटक एकच. फाटकावरच्या कॅमेऱ्याचं तोंड रंगाऱ्यांनी भिंतीकडे वळवलं, ते कुणी परत फिरवलंच नाही. मागचं आवार पाहिलं, तिथे नव्यानं आलेल्या गाड्यांशिवाय काही नाही. म्हणजे उरलं फाटक, आणि फाटकावर तात्या.

तात्या म्हणजे पहारेकरी. फाटकाला चिकटून असलेल्या खोलीत ते आणि त्यांची बायको राहत. खोली नोकरीबरोबर मिळालेली, जायची तर नोकरीबरोबरच जाणार. मालकांनी त्यांना सकाळीच सुनावलं होतं. संध्याकाळी शोरूम बंद होईपर्यंत गाडी दिसली नाही, तर त्यांचं नाव पोलिसांत जाईल आणि खोलीही रिकामी करावी लागेल. आत तात्यांची बायको भांडी आवरत होती. घासत नव्हती, आवरत होती.

भिंगबाईनं चष्मा चढवला. तात्यांनी बटणं तपासली नाहीत.

“बाई,” ते म्हणाले, “काल संध्याकाळपासून या फाटकातून मी काय काय बाहेर सोडलं ते विचारा. मालकांचं मांजर सोडलं. गाडी नाही सोडली.”

२

विक्री करणाऱ्या माणसाला सगळे मधाळ म्हणत. तो ‘नाही’ हा शब्दसुद्धा पाकात बुडवून देई. आज मात्र त्याच्या आवाजातला पाक आटला होता.

गाडी कुणासाठी उभी होती, हे त्यानं एका दमात सांगितलं. शोरूममध्ये त्या गिऱ्हाइकाला हाताळणीकाका असं नाव पडलं होतं. निवृत्त मुद्रितशोधक. छापखान्यात बसून आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढलेला माणूस. गाडीची किंमत त्यांनी पहिल्याच दिवशी मान्य केली आणि भरून टाकली. अडले ते वरच्या खर्चाशी. बरं, त्यांची हरकत आकड्यांना नव्हती, शब्दांना होती.

‘आवश्यक सामान’ वाचून काका म्हणाले, आवश्यक असेल तर ते गाडीतच हवं, नसेल तर ‘आवश्यक’ खोडा. मधाळनं खोडलं. ‘किरकोळ खर्च’ वाचून म्हणाले, किरकोळ आहे तर मागता कशाला. तेही खोडलं. मग राहिलं ‘हाताळणी शुल्क’. कारखान्यातून आलेली गाडी उतरवायची, पुसायची, उभी करायची, त्याचे पैसे. काका म्हणाले, शिंप्यानं शर्टाला हात लावला म्हणून वेगळे पैसे मागितले तर तुम्ही द्याल का? सगळेच घेतात, असं मधाळनं सांगितलं, तर काका समाधानानं खुर्चीत मागे रेलले. म्हणाले, सगळे करतात त्या चुकीला छापखान्यात रूढ चूक म्हणतात, ती आधी दुरुस्त करायची असते.

तेव्हापासून ते रोज दुपारी यायचे. चहा, वाद, मग रोखपालबाईंची खिडकी. त्यांनाही तेच विचारायचं, की तुम्ही नेमकं काय हाताळता हो. आणि मग बसनं घरी.

“चिडायचे का?” भिंगबाईनं विचारलं.

“छे हो. चिडले असते तर मिटवता आलं असतं. ते भांडायचे असे, की मीच त्यांच्या घरी पाहुणा आलोय.” मधाळनं कपाळ पुसलं. ही गाडी गेल्याशिवाय त्याची महिन्याची बक्षिसी सुटणार नव्हती. आज काकांना निम्मी हाताळणी सोडतो म्हणून सांगायचं त्यानं ठरवलं होतं. घरी बायकोला समोर बसवून वाक्यांची तालीमसुद्धा केली होती. काल तो नेहमीपेक्षा लवकर निघाला, तोही त्याचसाठी.

मग तो जवळ सरकला. त्याला विचाराल तर गाडी काकांनीच नेली. एवढ्या हट्टी माणसाचा काय भरवसा.

भिंगबाईनं दाराकडे पाहिलं. काचेपलीकडे एक उंच, किंचित वाकलेला म्हातारा उभा होता. तो रिकाम्या चौथऱ्याकडे पाहत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर हसू होतं.

३

काकांना बसायला सांगितलं तर ते आपल्या ठरलेल्या खुर्चीत जाऊन बसले. गाडी चोरीला गेली, हे त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग हळूच विचारलं, म्हणजे आज व्यवहार पुरा होणार नाही?

नाही, असं कळल्यावर त्यांचे खांदे खाली आले. ओझं उतरवल्यावर हमालाचे यावेत तसे.

असं सुटल्यासारखं झालेलं गिऱ्हाईक भिंगबाईनं पाहिलं नव्हतं. पैसे भरलेली गाडी गेली की माणसं टेबल आपटतात. तिनं सरळच विचारलं, गाडी नको होती का तुम्हाला?

काकांनी चहाच्या कपाचा कान चाचपला. गाडी त्यांच्या मुलानं घ्यायला लावली होती. मुलगा समुद्रापलीकडे. त्यानंच पैसे पाठवले, त्यानंच गाडी चालवायची शिकवणी लावून दिली. बायको गेल्यापासून मुलाशी बोलायला विषय उरला नव्हता. तब्येत बरी, हवा बरी, झालं. गाडीचं निघालं तेव्हापासून मात्र तो स्वतःहून फोन करी. आज काय म्हणाले ते लोक, बाबा? आणि बाबा रंगवून सांगत. मधाळ कसा घामाघूम झाला, आपण कसा शब्द पकडला. मुलगा तिकडे खदखदून हसे.

“ज्या दिवशी गाडी दारात येईल ना,” काका म्हणाले, “त्या दिवशी तो म्हणेल, झालं एकदाचं. आणि मग खरंच होईल झालं.”

भिंगबाईला वाटलं, हा माणूस वाचवत होता ते पैसे नव्हतेच. हाताळणी वाचवत होता. पण मग गाडी नाहीशी होण्यात ज्याचा फायदा, असा माणूसही हाच ठरत होता.

काल संध्याकाळी आपण नेहमीच्या बसनं गेलो, असं काका म्हणाले. तात्यांनी त्यांना बसमध्ये चढताना पाहिलं होतं. शिवाय काकांनी गाडी नेली असती तर रोजचं भांडण कालच संपलं असतं, आणि ते तर त्यांना संपवायचंच नव्हतं. बोलता बोलता त्यांची नजर सारखी रोखपालबाईंच्या खिडकीकडे जात होती. आज खिडकीचा पडदा अर्धा ओढलेला होता.

तेवढ्यात मालक धावत आले. त्यांचा चेहरा उजळला होता.

“सापडलं,” ते म्हणाले. “गाडी नाही. घोटाळा सापडला.”

४

मालकांनी सगळ्यांना खिडकीपाशी जमवलं. काचेमागे रोखपालबाई बसल्या होत्या. पन्नाशी उलटलेल्या, केस घट्ट बांधलेल्या, टेबलावर निवडुंगाची छोटी कुंडी. मालकांच्या वडलांनी धंदा काढला तेव्हा तो दोनच माणसांवर चालायचा, ते आणि या बाई. वडील गेले, शोरूम वाढलं, बाईंच्या भोवती काच आली. काचेला बोलण्यापुरतं एक भोक होतं. लोक त्यातून पैसे विचारत आणि निघून जात.

मालक म्हणाले, काल शोरूम बंद होताना त्यांनी परगावाहून बाईंना फोन केला होता. हाताळणीकाकांच्या कटकटीला ते विटले होते. बाईंना म्हणाले, काकांचं सोडून द्या.

“हाताळणी सोडा, असं म्हणत होतो मी. आणि यांनी काय केलं असेल? फाटकावर तसंच्या तसं कळवलं, काकांचं सोडून द्या. आणि आमच्या तात्यांनी काकांची गाडी सोडली. कुणीतरी आलं, काकांचा माणूस म्हणाला, घेऊन गेला. फसवणाऱ्यानं फसवलं, पण फाटक उघडलं ते तात्यांनीच.”

सोडणे. हा शब्द ऐकून मधाळ जागीच थिजला. आपण निम्मं सोडायच्या तालमी केल्या आणि मालकांनी कालच सगळं सोडलं होतं, हे त्याला आत्ता कळत होतं. काकांचं तोंड पडलं. आपलं भांडण कालच संपलं, आणि आपल्याला पत्ताच नाही.

तात्या पुनःपुन्हा एकच सांगत राहिले. मला कुणी काही कळवलं नाही, मी काही सोडलं नाही. मालकांनी बाईंना विचारलं, कळवलं होतं की नाही?

रोखपालबाई कुंडीकडे पाहत होत्या. त्या हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत. त्यांच्या गप्प बसण्याचा अर्थ मालकांनी आपल्या सोयीनं लावला आणि तात्यांना खोली आवरायला सांगितलं.

तात्यांची बायको फाटकाशी बोचकं घेऊन बसली होती. रडत नव्हती. बोचक्याची गाठ सोडून पुन्हा बांधत होती.

भिंगबाई तिच्याकडे पाहत राहिली. मालकांचा तर्क चांगला होता, कारण आपल्या भाषेत हा गोंधळ सहज होण्यासारखा आहे. कर्ज सोडतात, हट्ट सोडतात, पाखरू सोडतात. पण चांगला तर्क खरा असेलच असं नाही. फसवून गाडी नेणारा किल्ली परत खुंटीवर टांगायला येत नाही. पांघरुणाची घडी तर मुळीच घालत नाही.

मग तात्या खरं बोलत असतील तर? खरोखरच फाटकातून मांजराशिवाय काही गेलं नसेल तर?

ती वळली आणि मागच्या दाराकडे चालू लागली.

५

मागचं आवार म्हणजे गाड्यांचं पाळणाघर होतं. कारखान्यातून आलेल्या गाड्या तिथे ओळीनं उभ्या, टपांवर आणि बोनेटवर पांढरी चिकट झिल्ली, दारांना निळे स्पंजाचे तुकडे. अजून कुणाच्या न झालेल्या. त्यांना नंबर नव्हते, आणि करड्या तर इतक्या की जुळ्या बहिणींची रांगच. मालकांनी सकाळी इथूनच नजर फिरवली होती. हरवलेली गाडी शोधणारा माणूस चकचकीत गाडी शोधतो. झिल्लीत गुंडाळलेली पाहून पुढे जातो.

भिंगबाई एकेका गाडीच्या अंगावरून हात फिरवत निघाली. झिल्ली सगळीकडे ताणून चिकटलेली होती, नखानंही उचकटत नव्हती. भिंतीकडच्या एका गाडीवर मात्र ती नुसती अंथरलेली होती. कडा वायपरखाली खोचलेल्या, दारांच्या फटीत दुमडलेल्या, लहान मुलाच्या अंगाखाली दुपटं सारावं तशा. तिनं एक कोपरा उचलला. खाली धुतलेला, मेण चोळलेला करडा रंग चमकत होता.

गाडी घरातच होती.

आता कुणी, एवढंच उरलं. भिंगबाई तिथेच बोनेटला टेकून उभी राहिली. गाडी कित्येक दिवस चौथऱ्यावर होती. लपवायची तर कधीही लपवता आली असती. कालच का? काय बदललं होतं काल? एकच गोष्ट. काल संध्याकाळी तिचं जाणं नक्की झालं. हाताळणी सुटली, आता आज काका येणार, पांघरूण ओढणार आणि जाणार. हे मधाळला ठाऊक नव्हतं, नाहीतर त्यानं घरी तालीम कशाला केली असती. काकांना ठाऊक नव्हतं, तात्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मालकांना ठाऊक होतं, पण ते परगावी होते. उरलं फोन घेणारं माणूस. किल्लीच्या खुंटीला पाठ लावून बसणारं.

ती काचेच्या भोकाशी गेली नाही. वळसा घालून मागचं दार ढकललं आणि रोखपालबाईंच्या खोलीत जाऊन बसली. बाई दचकल्या. त्या दारानं आत येऊन कुणी कधी बसलं नव्हतं.

भिंगबाई म्हणाली, गाडी पाहून आले. झिल्ली छान खोचलीय.

रोखपालबाईंनी नाकारलं नाही. थोरले मालक होते तेव्हा गाड्या त्याच हलवायच्या, हात विसरला नव्हता. काल सगळे गेल्यावर मागच्या दारानं गाडी आवारात नेली. एकाच दिवसासाठी. उद्या परत आणून ठेवणार होत्या, कुणी विचारलं असतं तर पुन्हा धुवायला मागे नेलीय म्हणाल्या असत्या. मालक आजच परततील आणि एवढा गहजब होईल, असं त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

“एका दिवसानं काय झालं असतं?”

बाईंनी पडद्याच्या फटीतून बाहेर पाहिलं. काका खुर्चीत बसले होते.

“ते मला छापखान्यातल्या चुका सांगतात,” त्या म्हणाल्या. “रोज एक. काल सांगत होते, एका लग्नपत्रिकेत ‘विवाह’चा ‘विरह’ छापला गेला. आणि त्या मंडळींनी पत्रिका परत केल्या नाहीत, तशाच वाटल्या. मी विचारलं, का? तर बस आली. म्हणाले, उद्या सांगतो.”

त्यांचा आवाज खाली आला. आई गेल्यापासून त्यांना ‘उद्या’ असं कुणी म्हटलं नव्हतं. लोक म्हणत, सुट्टे द्या.

भिंगबाईला आपली मुक्कामाची खोली आठवली. खिडकीखालून जाणाऱ्या लोकांची बोलणी, आणि त्यातली अर्धी अर्धी वाक्यं घेऊन झोपी जायची आपली सवय. गाडी चुकून आवारात गेली, असं सांगून सगळं मिटवता आलं असतं. विमा कंपनीला गाडी मिळण्याशी मतलब.

पण मालकांनी फाटक उघडल्याचा आळ घेतला होता तो तात्यांवर. चुकून गेली म्हटलं तर ती चूकही त्यांच्याच माथी बसली असती.

“तात्यांची बायको बोचकं बांधून बसलीय,” ती एवढंच म्हणाली. “तुम्ही गप्प राहिलात, म्हणून.”

रोखपालबाई उठल्या. केस नीट केले, गरज नसताना. मग खोलीचा पडदा त्यांनी पूर्ण बाजूला सारला आणि बाहेर गेल्या.

६

सगळ्यांसमोर त्या म्हणाल्या, तात्यांनी काही सोडलेलं नाही, गाडी मी मागे नेली. का, ते त्यांना सांगता आलं नाही. मालकांनी पुनःपुन्हा विचारलं, आणि प्रत्येक वेळी त्या म्हणाल्या, चुकलं माझं. काका मात्र खुर्चीतून उठून उभे राहिले होते. बाईंनी त्यांच्याकडे एकदाही पाहिलं नाही. त्या न पाहण्यातच काकांना सगळं वाचता आलं असावं.

मालक आधी तापले, मग ओशाळले. ओशाळलेला माणूस तापलेल्यापेक्षा कठोर होतो. खुंटीवरच्या किल्ल्या ठेवा आणि घरी जा, पुढचं पुढे बघू, असं ते म्हणाले. तात्यांची माफी त्यांनी मागितली नाही. फाटकावर चहा पाठवला, आणि तात्यांच्या बायकोनं तो घोटभरही न पिता आधी बोचकं सोडायला घेतलं.

गाडी पुढे आणली गेली. मधाळनं काकांना सांगितलं, हाताळणी पूर्ण माफ. काकांनी वाद घातला नाही. सही केली आणि लाल कापडाला हात न लावता गाडीत बसले.

भिंगबाईचं काम झालं होतं. ती रस्त्यापलीकडच्या बसथांब्यावर गेली, तर बाकावर रोखपालबाई बसल्या होत्या. मांडीवर निवडुंगाची कुंडी, बाजूला डबा. दोघी शेजारी शेजारी बसून राहिल्या. ऊन उतरत होतं.

करडी गाडी फाटकातून बाहेर पडली. इतक्या हळू, की तात्या तिच्याबरोबर चालत येऊ शकले असते. रस्ता ओलांडून ती थांब्यापाशी थांबली. मग काच खाली झाली, आधी भलत्याच बाजूची, मग बरोबर.

“बाई,” काका म्हणाले, “कुठे सोडू तुम्हाला?”

आणि स्वतःचा शब्द स्वतःच्याच कानावर पडल्यासारखे ते अडखळले. हात हवेत आडवा फिरला, सवयीनं, लेखणी धरलेल्या माणसाचा फिरतो तसा.

“नाही. सोडू खोडलं. कुठे जायचं आपल्याला?”

रोखपालबाईंनी बाजूचा डबा उचलला. मग उठल्या. एका हातात डबा, एका हातात कुंडी, दार उघडेना, तेव्हा भिंगबाईनं पुढे होऊन दार धरलं. काकांनी तिलाही विचारलं. तिनं सांगितलं, मला उलट्या दिशेला जायचंय.

गाडी गेली. वळणावर ती बंद पडली, पुन्हा चालू झाली. मागच्या काचेतून दोन डोकी दिसत होती. त्यातलं एक बोलत होतं आणि दुसरं ऐकत होतं. कुठलं कुठलं, ते एवढ्या लांबून कळेना.

बस आली ती जवळजवळ रिकामी. भिंगबाई खिडकीशी बसली. पुढच्या गावात कुणाची तरी गाडी भिंतीवर आदळली होती, उद्या सकाळी ती पाहायची होती. वाहक आला. तिनं गावाचं नाव सांगितलं, तिकीट घेतलं. तो पुढे जायला वळला.

जन्मभर तिनं कामापुरतेच प्रश्न विचारले होते.

“आज गर्दी नाही वाटतं?” तिनं विचारलं.

वाहक थांबला. समोरच्या सीटवर टेकला आणि म्हणाला, “कसली गर्दी बाई. या वेळेला मी आणि ड्रायव्हर, दोघंच असतो.”